मुलांपासून लांबच राहू का? मार खात मोठ्या झालेल्या एका वडिलांना उत्तर

विचारणारे दोन लहान मुलांचे वडील आहेत. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी आठ महिन्यांची. ते स्वतः वडिलांचा मार खात मोठे झाले. मुलगा किंचाळायला लागला की त्यांचे कान तापतात, जबडा आवळला जातो आणि ते त्याच्या अंगावर धावून जातात. मागच्या महिन्यात त्यांनी त्याचा दंड इतका करकचून धरला की बोटं उमटली. मुलीच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. ती रडत राहते आणि हे बधिर होऊन नुसते बघत बसतात. पत्नीला यातलं फारसं माहीत नाही. त्यांचा प्रश्न असा: माझ्या लहानपणाची झळ मुलांना लागू नये म्हणून मी त्यांच्यापासून लांबच राहू का?

आधी सरळ उत्तर देते. लांब राहू नका. पण आत्ता चाललंय तसंही चालू द्यायचं नाही. दंडावर बोटं उमटणं ही किरकोळ गोष्ट नाही, आणि तुम्ही ती लपवली नाहीत म्हणूनच पुढचं सगळं बोलता येतंय.

तुम्हाला वाटतंय की धोका तुमच्या भूतकाळात आहे आणि तुम्ही बाजूला झालात की तोही बाजूला होईल. पण तुमच्या मुलाला तुमच्या वडिलांबद्दल काहीच ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे तो तुमचा चेहरा, तुमचा आवाज आणि तुमचे हात. तुमचं बालपण त्याच्यापर्यंत पोचतं ते घरातल्या काही मोजक्या क्षणांतून: तुम्ही त्याला घाबरवता तेव्हा, समोर असूनही नसल्यासारखे होता तेव्हा, आणि यातलं काही घडून गेल्यावर त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही तेव्हा. या तिन्हींवर काम करता येतं. कायमचं लांब राहिलात तर मात्र तिसरी गोष्टच रोज घडते. या वयाची मुलं जगातल्या बहुतेक घटनांचं कारण स्वतःत शोधतात. बाबा जवळ येत नाहीत, कारण मी वाईट आहे, असाच निष्कर्ष ती काढतात.

‘मार खाल्लेला माणूस मारणारच’ ही समजूत मनातून काढून टाका. जोन कॉफमन आणि एडवर्ड झिग्लर यांनी १९८७ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. लहानपणी अत्याचार सोसलेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांकडून पुढे स्वतःच्या मुलांचा छळ होतो, असा त्यांचा अंदाज होता. हा आकडा लहान नाही, पण याचाच अर्थ असा की बहुसंख्य लोक तसं करत नाहीत. त्यांच्यात वेगळं काय असतं, हे बायरन एगलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये आयांच्या एका दीर्घ अभ्यासातून दाखवलं. ज्यांच्या हातून ती साखळी तुटली, त्यांच्यात तीन गोष्टी जास्त आढळल्या: लहानपणी आधार देणारं एखादं मोठं माणूस, आयुष्यात कधी तरी घेतलेले मानसोपचार, आणि सध्याच्या जोडीदाराशी स्थिर, आधाराचं नातं. यातली पहिली गोष्ट आता तुमच्या हातात नाही. उरलेल्या दोन आहेत. पत्नीला काही माहीत नसणं मला तुमच्या सगळ्या पत्रात जास्त खटकलं ते यासाठीच.

बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा ‘स्कोर’ (मारहाण, घरातलं व्यसन असे किती प्रकारचे अनुभव आले त्यांची बेरीज) काढून घाबरलेली बरीच माणसं भेटतात, म्हणून त्याबद्दलही एक शब्द. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून ही मोजणी आली. मोठ्या समूहात धोका कसा वाढत जातो हे त्यातून कळतं. एका माणसाचं पुढे काय होईल हे त्यातून सांगता येत नाही, आणि अँडा यांनीच नंतर तसं बजावलं आहे. तुमचा स्कोर कितीही येवो, उद्या संध्याकाळी काय करायचं ते त्यावरून ठरत नाही.

माझं उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या आधीच सांगते. तुम्ही दारू किंवा इतर नशा करत असाल, रागाच्या भरात काय केलं ते नंतर आठवत नसेल, बाळाला कधी गदागदा हलवलं असेल, मुलावर हात पडणं पुन्हा पुन्हा घडत असेल, किंवा स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर खालच्या युक्त्या पुरेशा नाहीत. अशा वेळी डॉक्टरांकडे याच आठवड्यात जायचं (जिवाचे विचार येत असतील तर आजच), आणि तपासणी होईपर्यंत मुलांसोबत एकट्याने थांबायचं नाही. यातलं काहीच नसेल आणि वळ उमटण्याचा प्रसंग एकदाच घडला असेल, तरी पुढचे काही आठवडे दिवसातली सगळ्यात अवघड वेळ एकट्याच्या अंगावर घेऊ नका.

ती अवघड वेळ कोणती, हे अंदाजाने ठरवू नका. दहा दिवस फोनमध्ये नोंद ठेवा. दर वेळी चारच गोष्टी लिहायच्या: किती वाजले होते, आधीच्या दहा मिनिटांत काय चाललं होतं, शरीरात सगळ्यात आधी काय जाणवलं, आणि मी काय केलं. राग अनावर झाला ते प्रसंग लिहाच, पण थोडक्यात सावरलं तेही लिहा. सावरलेले प्रसंग जास्त शिकवतात. दहा दिवसांत आकृतिबंध दिसायला लागतो. बहुतेक घरांत तो दिवेलागणीच्या सुमाराचा असतो: मूल भुकेलं, मोठे दमलेले, आदल्या रात्रीची झोप अर्धवट. या तीनपैकी एक गोष्ट बदलली तरी भडके कमी होतात. मुलाला अर्धा तास आधी खायला देणं हा मनावरचा उपचार वाटत नाही, पण त्याचा उपयोग होतो.

नोंदीतून आणखी एक गोष्ट हाती लागते. चिथावणारी गोष्ट आवाज असतो की त्या आवाजाला तुमच्या मनाने दिलेला अर्थ, ते कळतं. काहींच्या डोक्यात तिडीक जाते ती ‘हा मला जुमानत नाही’ या भावनेने. मार खाल्लेल्या माणसांत मला याहून जास्त वेळा दुसरंच दिसतं: रागाच्या आधी क्षणभर भीती असते. त्यांच्या लहानपणी घरात कोणी किंचाळलं की त्यानंतर मार ठरलेला असायचा. शरीराने ही जोडी पक्की करून ठेवली आहे. आज किंचाळणारं पोर जेमतेम कमरेएवढं असलं, तरी शरीर जुन्याच धोक्याची तयारी करतं आणि तो आवाज कसाही करून बंद पाडायला धावतं. तुमचे कान तापतात ती हीच तयारी. म्हणजे कान तापणं हा तुमचा इशारा आहे. तिथपासून हात उठेपर्यंतचा वेळ छोटा असतो, पण असतो.

त्या वेळात काय करायचं ते नेमकं सांगते, कारण ‘शांत राहा’ या सल्ल्याचा कोणालाच उपयोग होत नाही.

कान तापले की सगळ्यात आधी हात मुलापासून काढायचे. दोन्ही तळवे स्वतःच्या मांड्यांवर किंवा भिंतीवर दाबून धरा. हातांना ठरलेली जागा नसेल तर ते सवयीच्या जागी जातात. मग एकच ठरलेलं वाक्य म्हणायचं: “बाबा दोन मिनिटांत परत येतो.” गॅस, उघडी खिडकी, पाण्याची बादली यांवर एक नजर टाका आणि चार पावलं मागे व्हा, शक्यतो मुलाला तुम्ही दिसत राहाल इतकंच. गार पाणी मनगटांवर आणि चेहऱ्यावर घ्या. टाचा जमिनीत रोवून उभे राहा. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, असा पाच-सहा वेळा. मग परत या, त्याच्या डोळ्यांच्या पातळीच्या खाली बसा, अगदी समोर न बसता थोडे बाजूला, आणि एवढंच म्हणा: “आलो.” तो अजून रडत असेल तर रडू द्या. तुम्ही तिथे बसून आहात, इतकं त्याला पुरतं.

यात काय बिघडतं तेही ठाऊक असू द्या. सगळ्यात जास्त वेळा माणूस उशिरा निघतो. कान तापल्यावर निघायचं असतं, तो ओरडून झाल्यावर निघतो. दुसरी चूक म्हणजे न सांगता जाणं किंवा दार आपटून जाणं. मुलाला ते टाकून दिल्यासारखं वाटतं आणि आकांत दुप्पट होतो. तिसरी, बाहेर जाऊन फोन उघडणं. दोन मिनिटांची पंधरा होतात, आणि ‘परत येतो’ या शब्दावरचा मुलाचा विश्वास उडतो. चौथी, डोळे मिटून खोल श्वास घेणं. आघात सोसलेल्या काही लोकांना डोळे मिटले की जुनी दृश्यं दिसतात आणि छातीकडे लक्ष गेलं की घाबरं होतं. तुमचं तसं होत असेल तर श्वास सोडून द्या, डोळे उघडे ठेवा आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. आणि परत आल्या आल्या शिस्तीचा विषय काढू नका. आपण निवलो असं वाटलं तरी शरीराला पुरतं निवायला वीसेक मिनिटं लागू शकतात, आणि त्या वेळात समजावणीचं रूपांतर हमखास दरडावणीत होतं.

हे सगळं शांत असताना रोज चार-पाच वेळा करून बघायचं: तळवे भिंतीवर, वाक्य मोठ्याने, चार पावलं मागे. आठवडाभर तरी. डोकं तापलेलं असताना नवे शब्द सुचत नाहीत, घोटलेलेच बाहेर येतात. मुलालाही खेळता खेळता सांगून ठेवा की बाबांना खूप राग आला की बाबा पाणी लावायला जातो आणि परत येतो. मुलं हा खेळ पटकन उचलतात, कधी कधी बाहुलीलाही पाणी लावायला पाठवतात.

आता मुलीबद्दल. तुम्ही तिला काही करत नाही, म्हणून ही बाजू कमी गंभीर वाटते. तशी ती नाही. मारापासून पळता येत नसलं की लहान मूल आतल्या आत निघून जातं. तेव्हा तेवढाच बचाव शक्य असतो. तुमचं शरीर आजही रडणं असह्य झालं की त्याच वाटेने जातं. पण तिला दिसतो तो एक कोरा चेहरा. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. आईने काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवला, तर काही महिन्यांचं बाळ आधी हसून, हातवारे करून तिला खुणावतं, मग अस्वस्थ होतं आणि शेवटी तोंड फिरवतं. पुढे १९९० मध्ये मेरी मेन आणि एरिक हेस यांनी मांडलं की पालक भीतिदायक असला तर बाळ गोंधळतंच, पण पालक स्वतःच भेदरलेला, हरवलेला दिसला तरीही गोंधळतं. जिच्याकडे धाव घ्यायची तीच व्यक्ती घाबरलेली असेल, तर बाळाने जायचं कुठे?

तरी धीर धरा. आई आणि बाळाचे सूर जुळलेले असण्याचं प्रमाण रोजच्या ठीकठाक नात्यातही जेमतेम ३० टक्के असतं, हेही ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणांतून पुढे आलं. उरलेला वेळ सूर चुकण्याचा आणि पुन्हा जुळवण्याचा असतो. नातं पक्कं होतं ते या जुळवण्यातूनच.

बधिर व्हायला लागलात हे ओळखण्याच्या खुणा म्हणजे आवाज लांबून आल्यासारखा वाटणं, हातपाय जड होणं, नजर एका जागी खिळणं. इथे शांत होण्याचा उपाय चालत नाही, कारण शरीर आधीच मंदावलेलं असतं. त्याला जागं करायचं असतं. उठून उभे राहा. पाय जोरात आपटा, तळहात एकमेकांवर घासा, गार पाणी घ्या. आणि बोला, मोठ्याने. काय बोलायचं सुचत नसेल तर जे करताय तेच बोला: “बाबा उठला. बाबा आला. आता लंगोट बघू. कोरडा आहे. आता भूक लागली का बघू.” लंगोट, भूक, झोप, गरम-गार, कपड्याचा काच, अंगाला ताप, असा क्रम कागदावर लिहून पाळण्याजवळ चिकटवा. सुन्न डोक्याला निर्णय जमत नाहीत, यादी जमते. तुमचा आवाज तिच्या कानावर पडत राहिला की निम्मं काम झालेलं असतं. एखाद्या मिनिटात तुम्ही भानावर आला नाहीत तर पत्नीला हाक मारा. घरात दुसरं कोणी नसेल तर तिला पाळण्यात पाठीवर निजवा, आजूबाजूला उशी-पांघरूण नको, आणि पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जाऊन या. सुरक्षित जागी रडणाऱ्या बाळाला त्या दहा मिनिटांत इजा होत नाही. हलवलेल्या बाळाला काही सेकंदांत होते: डोकं जड, मान कमजोर, आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. राग असो की हतबलता, हलवायचं नाही, यात अपवाद नाही.

ही बधिरता दिवसभर राहत असेल, कशातच मन लागत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर नैराश्याची तपासणी करून घ्या. बाळ झाल्यानंतर नैराश्य फक्त आयांना येतं असं नाही. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा बाळाच्या आगमनाच्या काळात साधारण दहातल्या एका वडिलांना ते असल्याचं दिसलं. त्यावर उपचार आहेत.

बाळाला आपल्या हातून काही होईल असे भयंकर विचार अचानक डोक्यात येतात का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्यासारखे पालक ते सहसा विचारतच नाहीत, म्हणून सांगते. नको असताना येणारे आणि आल्यावर अंगावर काटा आणणारे विचार नव्या पालकांत सर्रास आढळतात, आणि तेवढ्यावरून कोणी धोकादायक ठरत नाही. विचाराची भीती न वाटता तसं करण्याची ओढ वाटत असेल, तर मात्र तो लगेच डॉक्टरांशी बोलण्याचा विषय आहे.

आता ज्याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते त्याकडे येते. वर सांगितलेलं सगळं करूनही कधी तरी ओरडा बसेल. त्यानंतर तुम्ही काय करता, यावर मुलाच्या मनात काय उरतं ते बऱ्याच अंशी ठरतं. तुमच्या लहानपणी मारानंतर काय व्हायचं ते आठवा. बहुतेक घरांत काहीच होत नाही. थोड्या वेळाने जेवायला हाक येते आणि घडलंच नाही असं सगळे वागतात. मुलाच्या वाट्याला दुखणं येतं आणि त्याचा अर्थ त्याला एकट्यालाच लावावा लागतो. हे तुम्हाला बदलता येतं.

दोघेही शांत झाल्यावर, शक्य तर तासाभरात आणि झोपायच्या आत नक्की, खाली बसून चार-पाच छोटी वाक्यं बोला. “मघाशी बाबा खूप जोरात ओरडला. तू घाबरलास. ओरडणं ही बाबाची चूक होती, तुझी नाही. राग आला की बाबा पाणी लावायला जाईल. आणि पाणी सांडायचं नाही हे मात्र तसंच आहे.” बस. काय घडलं, त्याला काय वाटलं असेल, चूक कोणाची, पुढे मी काय करणार, आणि नियम कायम. शेवटचा भाग गाळू नका. माफी मागताना नियमच उडून गेला, तर मुलाला कळतं ते एवढंच की बाबा ओरडले की मग सगळं मिळतं.

इथेही चुका ठरलेल्या आहेत. “सॉरी, पण तू असं केलंस म्हणून…” यातल्या ‘पण’नंतरचंच मुलाला ऐकू येतं. “बाबाला माफ केलंस ना? मिठी दे ना,” असं म्हटलं की सांत्वन करण्याचं काम साडेतीन वर्षांच्या पोरावर येतं. त्याच्यासमोर ढसाढसा रडल्यानेही तेच होतं. रडू येणारच असेल तर ते पत्नीजवळ येऊ द्या. खेळणं किंवा गोड देऊन विषय मिटवू नका. आणि त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. तो ऐकल्या न ऐकल्यासारखं करून गाडी फिरवत निघून जाईल. दुसऱ्या दिवशी खेळण्यातल्या अस्वलाला दामटवून ओरडेल, “गप्प बस!” त्याला टोकू नका. घडलेली गोष्ट पचवण्याची त्याची ती रीत आहे. बाजूला बसून नुसतं म्हणा, “अस्वल घाबरलं वाटतं.” पुढे काय होतं ते त्याला ठरवू द्या.

ही दुरुस्ती दर आठवड्याला त्याच प्रसंगाची करावी लागत असेल, तर ती दुरुस्ती राहत नाही. अशा वेळी पुन्हा नोंदवहीकडे जायचं आणि कान तापण्याच्या क्षणी काय चुकतंय ते शोधायचं.

अपराधीपणातून एक उलटी चूकही होते, आणि चांगल्या मनाच्या पालकांकडून ती जास्त होते. ‘मी माझ्या बापासारखा होणार नाही’ म्हणून काहीच अडवायचं नाही. मूल मर्यादा शोधत पुढे पुढे जातं, पालक गिळत जातो, आणि तिसऱ्या दिवशी एकदम स्फोट होतो. मुलाला काहीच अंदाज बांधता येत नाही, आणि अंदाज न येणं हेच भीतीचं मोठं कारण असतं. म्हणून थोडे पण ठाम नियम ठेवा. या वयाला तीन पुरेत: कोणाला मारायचं नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही, गॅस आणि विजेच्या वस्तूंना हात लावायचा नाही. बाकीचं जमेल तसं. मोडलेल्या नियमाचा परिणाम लगेच आणि छोटा हवा: खेळण्याने मारलं तर खेळणं पाच मिनिटं कपाटावर. चापट कधीच नको, हलकीसुद्धा नको. सगळ्यांनाच माझं हे सांगणं असतं, तुम्हाला जास्त, कारण तुमच्या शरीराला हलक्या चापटीवर थांबायचा सराव कधी मिळालेलाच नाही.

रोज दहा मिनिटं मुलासोबत अशी ठेवा की खेळ त्याने ठरवायचा. फोन दुसऱ्या खोलीत. शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, तो करतो ते फक्त शब्दांत मांडायचं: “लाल गाडी पुलाखालून गेली.” याचा फायदा त्याला होतोच, पण तुमच्या शरीरालाही होतो. मुलाचा मोठा आवाज आनंदाचाही असतो, हे त्याला रोज अनुभवायला मिळतं. ज्यांच्याशी लहानपणी कोणी खेळलंच नाही, त्यांना ही दहा मिनिटं सुरुवातीला जड जातात, कंटाळा येतो, कधी विनाकारण भरून येतं. मग पाचपासून सुरू करा.

पत्नीला सांगा. सगळ्या आठवणी आजच उलगडायची गरज नाही. तीन गोष्टी पुरेत: मला लहानपणी खूप मार बसला, मुलगा किंचाळला की माझं असं असं होतं, आणि त्या वेळी मला तुझी मदत हवी आहे. दंडावर उमटलेल्या बोटांबद्दल त्याच बोलण्यात सांगा. नंतर कळलं तर विश्वास जातो. दोघांत एक शब्द ठरवा, ‘पाणी’ म्हणा हवं तर. तो शब्द कोणीही उच्चारला की दुसऱ्याने न बोलता मुलांचा ताबा घ्यायचा. त्या क्षणी जाब विचारायचा नाही, मुलांसमोर कमीपणा आणायचा नाही. जे बोलायचं ते मुलं झोपल्यावर. मात्र तिने कायम मध्ये पडून तुम्हाला मुलांपासून वेगळं काढायला सुरुवात केली, तर हळूहळू तुम्ही घरातले बागुलबुवा ठराल. म्हणून शांत झाल्यावर परत जाऊन दुरुस्ती तुम्हीच करायची.

मुलाला तुमच्या बालपणाबद्दल आत्ता काही सांगायची आवश्यकता नाही. त्याने विचारलं, किंवा आजोबांबद्दलचा तुमचा ताण त्याला जाणवला, तर खरं आणि छोटं सांगा: “बाबा लहान होता तेव्हा त्याला मारायचे. ते चुकीचं होतं. आता बाबाला कोणी मारत नाही.” शेवटचं वाक्य हवंच, नाही तर तो तुमची काळजी करत बसेल. जास्त तपशील नकोत. ते तो पुरता मोठा झाल्यावर, आणि त्याने विचारलं तरच.

तुमचे वडील हयात असतील आणि येणं-जाणं असेल, तर निर्णय परिस्थितीवर अवलंबून आहे. पण एक नियम मी सैल करणार नाही: मुलांना त्यांच्याजवळ एकटं ठेवायचं नाही, ते आता कितीही निवळलेले दिसोत. त्यांनी मुलांवर हात उगारला किंवा मुलांसमोर तुमचा पाणउतारा केला, तर तिथून निघायचं. भेटीनंतरचे एक-दोन दिवस तुमचा पारा लवकर चढेल हे धरून चाला आणि त्या संध्याकाळी मदत ठेवा. मुलगा नेमक्या त्या वयाचा होईल ज्या वयात तुम्हाला मार सुरू झाला, तेव्हाही जुनं उसळून वर येऊ शकतं. ते वर्ष लक्षात ठेवा.

मुळावर उपचार मात्र तुमचाच व्हायला हवा. प्रौढांच्या आघातोत्तर तणावासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सुचवलेल्या पद्धतींत या दोन आहेत: आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारा) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्रासदायक आठवणींवर काम करणारा). साध्या स्वरूपात ८ ते १६ सत्रं लागतात. वर्षानुवर्षं मार बसलेला असेल तर जास्त. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारा: यांपैकी कोणत्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलं आहे, आणि मुलांच्या सुरक्षेची गोष्ट निघाली तर गोपनीयतेचे नियम काय आहेत. अनेक देशांत मुलाला इजा झाल्याचं कळवणं त्यांना कायद्याने बंधनकारक असतं. ते आधी माहीत असलेलं बरं, पण त्या भीतीने जाणं टाळू नका. सुरुवातीच्या काही सत्रांनंतर त्रास वाढल्यासारखा वाटतो. सत्र असेल त्या संध्याकाळी मुलांची जबाबदारी पत्नीकडे किंवा विश्वासातल्या माणसाकडे द्या. पाच वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पालक आणि मूल दोघांना एकत्र बसवून करायचा उपचारही आहे. सेल्मा फ्रायबर्ग यांच्या १९७५ च्या कामातून त्याची वाट निघाली. तो साधारण वर्षभर, दर आठवड्याला चालतो, आणि जवळपास मिळत असेल तर तुमच्या घराला तो चपखल बसेल.

मुलांकडे लक्ष ठेवा. तुम्ही हात वर केला की मुलगा डोकं झाकतो का, सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओलं होतं का, रात्री दचकून उठतो का, इतर मुलांना मारतो का. आणि फार शहाणा झालाय का हेही पाहा. सतत तुमचा चेहरा वाचून वागणारं, कधीच हट्ट न करणारं मूल निवांत नसतं. बाळ नजर मिळवत नसेल, हुंकार-बडबड करत नसेल, उचलल्यावरही ताठ किंवा ढिलं पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कारण वेगळंही असू शकतं, आणि ते तपासायलाच हवं.

डॉक्टरांकडे जाताना दहा दिवसांची नोंद सोबत न्या. तोंडाने सांगताना माणूस अर्धं गाळतो, विशेषतः दंडावरच्या बोटांसारखं. जमत नसेल तर फोन त्यांच्या हातात द्या आणि वाचू द्या.